गुरुवारचे नऊ जण

अण्णांची ओळख होण्याआधी कितीतरी दिवस मी त्यांचा आवाज ओळखत होतो. नांदेडच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून ते गाड्या पुकारायचे. मुदखेड, भोकर, हिमायतनगरकडे जाणारी गाडी अमुक फलाटावर लागलेली आहे, एवढंच वाक्य. पण ‘हिमायतनगर’ म्हणताना तो आवाज शेवटच्या अक्षरांवर असा अलगद उतरायचा की ज्यांना त्या गाडीशी काही घेणं नसायचं तेही मान वर करून कर्ण्याकडे बघायचे. मी लातूरचा. बी.एस्सी. झाल्यावर नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो होतो आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी जायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणारी ती गाडी कधीच वेळेवर नसायची. एका शनिवारी ती दोन तास उशिरा होती आणि मी कँटीनच्या बाकावर बसून स्वतःशीच गुणगुणत होतो. शेजारी चहा पीत बसलेला, पन्नाशीकडे झुकलेला, सडपातळ माणूस म्हणाला, “तुमचा सा पक्का हाय. गुरुवारी संध्याकाळी मोकळे असता का?” आवाज ऐकला आणि मी चमकलो. ते माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत होते. त्या बघण्यात एक प्रश्न होता. मी नजर खाली घेतली नाही, आणि तेच माझं उत्तर होतं.

नांदेडला मी मावशीकडे राहायचो. आईची ही धाकटी बहीण. तिला मूल नव्हतं, आणि मी आल्यापासून घरात बोलायला माणूस मिळालं असं ती सगळ्यांना सांगायची. काका पाटबंधारे खात्यात अभियंता होते. त्यांच्या कॉलनीतल्या त्या घरात पहाटे आधी स्टोव्हचा फरफराट सुरू व्हायचा, मग खलबत्त्यात लसूण-शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा ठोका, मग काकांच्या दाढीच्या वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज. या तीन आवाजांवरून मला घड्याळ न बघता वेळ कळायची. मावशीच्या हातची येसराची आमटी आणि गरम भाकरी मी आजही तोंडात आणू शकतो. सकाळी बहुधा सुशीला असायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वरून डाळ्याचं कूट पेरलेली. काका मोजकं बोलायचे. कॉलनीच्या उत्सव समितीचे ते सचिव होते, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं, आणि हाती घेतलेलं काम नीट करायचं हा त्यांचा स्वभाव होता. त्यांना गाण्यात गोडी आहे की नाही हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. रेडिओ लागायचा तो बातम्यांना.

गुरुवारी आम्ही सलीमभाईच्या दुकानात जमायचो. सलीमभाई जिल्दसाज, कचेऱ्यांची दफ्तरं, शाळांच्या वह्या, जुनी कुराणं आणि पोथ्या बांधून देणारं त्यांच्या आजोबांपासूनचं ते दुकान होतं. दारं ओढून घेतली की खळीचा आणि पुठ्ठ्याचा वास कोंडायचा. कापलेल्या कागदांच्या चळतींमध्ये आम्ही नऊ जण दाटीवाटीने उभे राहायचो. त्यात शाळामास्तर होता, सराफाकडचा कारागीर होता, देगलूरचा व्यंकट होता. व्यंकट दवाखान्यात ब्रदर होता आणि चिडला की तेलुगूत शिरायचा. आम्ही नऊही जण कोण होतो हे आमच्यापैकी कोणी कधी तोंडाने उच्चारलं नाही. बाहेर त्यासाठी जे शब्द होते ते शिवीचे होते आणि आम्हाला दुसरे सापडले नव्हते. ‘तो आपल्यातला हाय,’ एवढंच अण्णा म्हणायचे. पाच जण लग्न झालेले होते. सलीमभाईंना दोन मुली होत्या आणि त्यांच्यावर त्यांचा जीव होता. त्या दोन तासांत कोणी कोणाला काही कबूल करायचं नसे, काही लपवायचंही नसे, आणि आठवड्यातल्या बाकीच्या सगळ्या तासांपेक्षा तेच वेगळं होतं.

हे गाणं अण्णांनी कुठून आणलं तेही सांगायला हवं. पंधरा-सोळा वर्षांचे असताना छातीच्या आजाराने ते एका मिशनच्या दवाखान्यात कित्येक महिने पडून होते. नाताळ आला तेव्हा तिथल्या नर्सेस, कंपाउंडर आणि झाडूवाले हातात मेणबत्त्या घेऊन वऱ्हांड्यातून गात गेले. शब्द मराठी होते, पण प्रत्येक जण वेगळं गात होता आणि तरी ते एकच गाणं होतं. अण्णा सांगायचे की तोवर त्यांना वाटायचं, एकत्र गायचं म्हणजे सगळ्यांनी सारखंच गायचं. बरे झाल्यावरही ते दर रविवारी तिथे जाऊन ती रीत शिकले. पुढे स्वतःच गाणी लिहून चार आवाजांत बसवायला लागले. आवाजांना त्यांनी नावं दिली होती: वरचा, मधला, खालचा आणि जमीन. व्यंकट वरचा, मी मधला, सलीमभाई जमीन. दत्तजयंतीला आम्ही एका देवळात गायचो, नाताळला त्या मिशनच्या लोकांमध्ये, ईदनंतरच्या गुरुवारी सलीमभाईंच्या घरचा शीरखुर्मा डब्यातून आला की दुकानातच आपल्याआपल्यात. परवा भाच्याच्या मुलाने मला त्याच्या फोनवर परदेशातल्या एका शहरातले पुरुष दाखवले. शंभरेक जण होते, सगळ्यांनी एकसारखे कोट घातलेले, नाताळची गाणी गात होते. मागे फलकावर ते कोण आहेत हे भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आजोबा, हे बघा, असं म्हणून तो माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला. मला आठवला तो सलीमभाईंच्या दुकानाचा दरवाजा, आणि सुरू करण्याआधी अण्णा कडी लागली का म्हणून एकदा हाताने चाचपून बघायचे ते.

मावशीने आम्हाला दत्तजयंतीला ऐकलं होतं. त्या दिवाळीआधी तिने काकांच्या मागे लकडा लावला की कॉलनीच्या दिवाळी पहाटेला दरवर्षी तेच ते गायक आणता, या वेळी आपल्या विलासच्या मंडळाला बोलवा. काकांनी समितीत विषय मांडला आणि तो मंजूर झाला. आम्ही कधीच इतक्या लोकांपुढे गायलो नव्हतो. सलीमभाई म्हणाले, नको, आपण जिथं हाय तिथं बरे हाय. अण्णा पेटीच्या भात्यावर हात ठेवून म्हणाले की आयुष्यात एकदा तरी हे गाणं उजेडात म्हणायचं आहे. मग त्यांनी तीन गाणी नव्याने बसवली. त्यातल्या एकाची सुरुवात मला पाठ आहे: ‘उजेड दाराशी आलाय, त्याला नाव-गाव पुसू नका.’

दिवाळी दहा-बारा दिवसांवर असताना एका सकाळी काकांनी माझ्या सुशीलेच्या ताटलीशेजारी एक अंतर्देशीय पत्र ठेवलं. वाच, म्हणाले. पत्रावर सही नव्हती. आपण ज्यांना गायला बोलावले आहे ती नऊ माणसे कोणत्या प्रकारची आहेत याची समितीने चौकशी करावी, दर गुरुवारी दार लावून ती काय करतात हे शेजाऱ्यांना विचारावे, कॉलनीत लहान मुले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली तो शब्द होता. तो शब्द मी लातूरच्या शाळेत पहिल्यांदा ऐकला होता, तेव्हापासून तो कुठेही दिसला की माझे कान गरम व्हायचे.

काकांनी विचारलं, “हे खरं हाय का?”

आत खलबत्त्याचा ठोका थांबला. त्या शांततेत मी सगळं बघितलं. लातूरला डाळमिलमध्ये तुरीच्या धुळीत उभे असलेले वडील, त्यांच्यापर्यंत पोचलेली बातमी, नोकरी, पोलीस. त्या काळी कायदाही आमच्या बाजूचा नव्हता. हे साफ खोटं आहे, असं मी म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्या एका खोट्याखाली नऊही जण झाकले गेले असते. मी म्हणालो, “मला काय माहीत, काका. मी नुसता गायला जातो. बाकीच्यांचं मला काही माहीत न्हाई.”

त्या वाक्यानिशी मी बाकीच्या आठ जणांतून बाहेर पडलो आणि मागे दार लावून घेतलं. वाक्य तोंडातून सुटलं त्याच क्षणी मला ते कळलं होतं, आणि तरी ते मागे घ्यायला माझी जीभ उचलली नाही. काका म्हणाले की ते पत्र अजून समितीतल्या पाच जणांपुढेच आहे, आणि गुरुवारी ते स्वतः येऊन बघतील.

मधले तीन दिवस मी अण्णांना सावध करू शकलो असतो. बसस्थानक कॉलेजच्या वाटेवर होतं. मी वाट बदलली. सावध करायचं तर मी काय बोललो तेही सांगावं लागलं असतं.

गुरुवारी काका ऑफिसमधून आले, चहा घेतला आणि माझ्याबरोबर चालत निघाले.  सलीमभाईंनी दार उघडलं. काका म्हणाले, मी विलासचा काका, जरा ऐकायला आलोय. ते नुसते ऐकायला आलेले नाहीत हे आत सगळ्यांना समजलं. मास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. सलीमभाईंनी पुठ्ठ्यांची एक चळत फडक्याने पुसून काकांना बसायला दिली. अण्णांनी पेटी पुढे ओढली आणि आम्ही तिन्ही गाणी म्हटली. एवढं नीट आम्ही त्याआधी कधी गायलो नव्हतो, कारण प्रत्येक जण फक्त सुराकडे बघत होता. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. काका ताठ बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

गाणी संपल्यावर त्यांनी खिशातून ते पत्र काढून अण्णांना दिलं. अण्णांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, घडी घालून पेटीवर ठेवलं. काका म्हणाले, “विलासला मी विचारलं. तो म्हणतो, तुमच्यातल्या कोणाचंच त्याला काही माहीत न्हाई.”

आठही चेहरे माझ्याकडे वळले. वर पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने कागदांच्या चळतींच्या कडा फडफडत होत्या. मी जमिनीवर सांडलेल्या खळीच्या डागाकडे बघत राहिलो.

“बरोबर सांगितलं त्यानं,” अण्णा म्हणाले. “तो नवा हाय.”

मी दोन वर्षं तिथे जात होतो. अण्णांनी चष्मा काढला आणि बसस्थानकावर बोलायचे त्याच सरळ आवाजात म्हणाले, “साहेब, माझ्यापुरतं विचाराल तर यात लिहिलंय ते खरं हाय. शब्द घाण हाय, पण गोष्ट खरी हाय. बाकी कोणाला विचारू नका. त्यांना घरं हायत. मी स्टेजवर येत न्हाई, माझं नावबी घेऊ नका. गाणं तेवढं होऊ द्या.”

 काका ‘ठीक आहे’ म्हणून उठले, पायात चपला घातल्या आणि एकटेच निघून गेले.

त्यानंतरची गोष्ट मला आजही लिहायला जड जाते. कोणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. व्यंकट उठला आणि म्हणाला की तो दिवाळीला देगलूरला जातोय, त्याला यात पडायचं नाही. जा, असं अण्णाच म्हणाले. मास्तर म्हणाले, अण्णा नसतील तर आम्ही कशाला गायचं. अण्णा म्हणाले की गायचं, आणि पेटी विलास धरेल, त्याला सूर देण्यापुरती येते. मी नको म्हणालो. तेव्हा सलीमभाई पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “अण्णानं तुझ्या वास्ते मान पुढं केली,” ते म्हणाले. “आता तू नको म्हणून राहिलास?”

ते पत्र कोणी लिहिलं ते मला कधीच कळलं नाही. काही वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर संशय घेत हिंडलो. आता ती इच्छा उरलेली नाही. त्या पत्राने जे केलं ते वेगळं, आणि मी जे केलं ते वेगळं.

नरक चतुर्दशीला मावशीने अंधारातच उठवलं. पाटावर बसवून डोक्याला तेल घातलं. तिची बोटं नेहमीपेक्षा जोरात चालली होती. काका बाहेर दिव्यांच्या ओळी लावत होते. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, “त्या अण्णाला तू कधी घरी आणलं न्हाईस. दोन वर्षांत एकदा जेवायला आणायचं होतंस.”  तिने उटणं माझ्या पाठीला चोळलं आणि वर गरम पाणी ओतलं.

मैदानात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. आकाशकंदील वाऱ्यावर गरगरत होते, पोरांचे फटाके लांबून वाजत होते. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर समितीचे पाच जण, मध्ये काका. स्टेजवर आम्ही सात. सलीमभाई पांढऱ्याशुभ्र शेरवानीत आले होते आणि बायको-मुलींना घेऊन आले होते. त्या बायकांच्या बाजूला मावशीशेजारी बसल्या. काकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तीत सात नावं होती आणि खाली ‘एक हौशी मंडळ’ असं लिहिलेलं. मी माईकपाशी गेलो. तिथून मला फाटक दिसलं. फाटकाजवळ सायकली लावल्या होत्या आणि तिथे एका सायकलीच्या सीटवर हात ठेवून अण्णा उभे होते.

मी नावं वाचली. मग चिठ्ठीची घडी केली.  माईकच्या दांड्याला धरून मी उभा होतो हे कोणाला दिसू नये एवढंच मनात होतं. मी म्हणालो, “ही तिन्ही गाणी काशीनाथअण्णांनी लिहिली, चालीबी त्यांच्याच. ते तिकडं सायकलींपाशी उभे हायत. त्यांच्याविषयी ज्यांनी काही वाचलं असेल, ते खरं हाय. आणि जेवढं त्यांच्याविषयी खरं, तेवढंच माझ्याविषयी खरं हाय. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं.”

मैदानातल्या बहुतेकांना यातलं काही कळलं नाही. लोकांना वाटलं, मंडळात काही मानपानाचा रुसवा असेल. पण पुढच्या पाच खुर्च्यांना कळलं. काकांच्या उजवीकडचे गृहस्थ त्यांच्या कानाशी वाकले, काहीतरी बोलले आणि अर्धे उठले. डावीकडच्यांनी खुर्चीचे हात धरले. पाचही जण उठले असते तर मागचं मैदान उठायला वेळ लागला नसता. मागे सलीमभाईंचा श्वास मला ऐकू येत होता. मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात माया होती असं मी म्हणणार नाही. “बसा,” ते शेजाऱ्याला म्हणाले. मला ते ओठांवरून कळलं. ते गृहस्थ बसले.

मी पेटीशी येऊन बसलो. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याला सूर देताना माझं बोट पुढच्या पट्टीवर पडलं, आणि कळेपर्यंत सगळ्यांनी तोच सूर उचललेला होता. व्यंकट नव्हता. वरचा आवाज दोघांनी मिळून ओढत नेला, सलीमभाईंच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. कुठल्या तरी एका ओळीला आपण इथेच फुटणार असं मला वाटलं. फुटलो नाही. तिसरं गाणं संपलं तेव्हा उजाडलं होतं. टाळ्या आधी बायकांच्या बाजूने आल्या.

घरी मावशीने फराळाच्या ताटल्या मांडल्या. काका टोपी काढून बसले, चकली मोडली आणि म्हणाले, “पाडवा झाला की खोली बघ.” मावशीच्या हातातला करंज्यांचा डबा तसाच राहिला. ती काही बोलणार होती, पण काकांनी हात वर केला. मी हो म्हणालो.  मग काका ताटलीकडे बघतच म्हणाले, “दुसरं गाणं लई वर लागलं होतं. सगळ्यांच्या शिरा ताणल्या. खाली घ्यायचं होतं.” एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

पुढे नऊ वर्षं मी त्या घरात पाय ठेवला नाही. मावशी दर दिवाळीला लातूरला आईकडे डबा पाठवायची, त्यात माझ्या नावाचा वेगळा पुडा असायचा. व्यंकट मार्गशीर्षात परत आला आणि काही न बोलता आपल्या जागी उभा राहिला. वडिलांपर्यंत गोष्ट गेली, त्यांनी ती कधी तोंडावर आणली नाही, आणि माझ्या लग्नाचा विषयही पुन्हा काढला नाही. आम्ही त्यानंतर अकरा वर्षं गुरुवारी गायलो.

त्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी मी बसस्थानकावर गेलो होतो. अण्णांची पाळी संपत होती. कँटीनमध्ये बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या सकाळी काकांना काय म्हणालो होतो तेही, शब्दाला शब्द. ते ऐकत राहिले. माफी मागायला मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी चहाचा दुसरा कप माझ्याकडे सरकवला. मग मी काकांचं ते गाण्याबद्दलचं बोलणं सांगितलं. अण्णांनी कप खाली ठेवला.

“बरोबर हाय त्यांचं,” ते म्हणाले. “काळी एक सोडून काळी दोन धरलीस तू. मी तिथून ऐकून राहिलो होतो, जीव नुसता वर-खाली.” त्यांनी खांद्यावर पिशवी अडकवली. “खोली मिळाली का?”

“न्हाई.”

“चल मग. आज खोली बघू. पट्टीचं गुरुवारी बघू.”